टक्केसाहेब मान खाली घालतात

एका नटाचे पैसे वाचवायचे, एवढंच टक्केसाहेबांनी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्यात आपला काही दोष नव्हता, असं ते अजूनही सांगतात. (ऐकणारं कुणी भेटलं तर.)

साहेबांची फायनान्स कंपनी. फ्रिज, टीव्ही, शिलाई मशीन घ्यायला हप्त्यांवर कर्ज द्यायची. धंदा जोरात होता, पण एका लग्नात 'हे फायनान्सवाले' अशी ओळख करून दिल्याबरोबर समोरची मंडळी पाणी प्यायला म्हणून गेली ती परत आलीच नाहीत. त्याच हॉलच्या कोपऱ्यात फाटक्या जीन्समधला एक चित्रपट निर्माता उभा होता आणि त्याच्याभोवती ही गर्दी. साहेबांच्या मनाला ते फार लागलं. आठवड्याच्या आत त्यांच्या कार्डावर 'चित्रपट निर्माते' असं छापून आलं. चित्रपट नंतर शोधला.

तो घरातच सापडला. बायकोचा भाचा कित्येक वर्षं एका छोट्या चित्रपटाची पटकथा उराशी धरून बसला होता. हप्ते थकलेल्या माणसाच्या घरातलं सामान कंपनीची माणसं उचलून नेतात, अशी गोष्ट. साहेबांना ती बेहद्द आवडली. आपल्या धंद्यावर अखेर कुणीतरी काही लिहिलं म्हणून. (कर्जदार हा गोष्टीचा नायक आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.)

मग काटकसर सुरू झाली. घर कुणाचं? साहेबांचं. सामान? साहेबांचं. नायकाची बायको? साहेबांचीच. वसुलीवाल्या माणसांसाठी नट बघायचे म्हटल्यावर तर साहेबांना हसूच आलं. ऑफिसात लंबू आणि जाड्या असे दोन हिरे पगारावर होते. राहिला नायक. त्यासाठी विचारलेल्या नटानं आकडा सांगितला आणि साहेबांचा घास घशातच अडकला.

"या सगळ्यात त्याला वाक्यं किती?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"एकही नाही. नुसतं मान खाली घालून उभं राहायचंय."

"त्याचे कसले पैसे? मी उभा राहतो."

भाच्यानं कॅमेरा समोरच्या जिन्यातल्या अडगळीत लपवला. इमारतीत कुणाला सांगायचं नाही, म्हणजे शेजारी खरेखुरे वागतील. आणि मी 'कट' म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही, असा त्याचा नियम.

लंबू मात्र घुटमळत होता. "साहेब, तुमच्याशी कसं बोलायचं?"

"दारात बोलता तसंच. शिकवलंय ना मी?"

शिकवलं होतंच. दार उघडलं की लगेच आत जायचं नाही. जिन्यात उभं राहूनच बोलायचं, तेही मोठ्यानं. शेजाऱ्यांची दारं उघडली की अर्धी वसुली झाली.

लंबूनं घसा साफ केला. "काय हो, खायला तोंड आहे, द्यायला हात नाही का? लाज वाटत नाही?"

तीन मजल्यांची दारं उघडली. वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." शेजारचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांच्याबरोबर साहेब रोज सकाळी फिरायला जात, ते बाहेर आले, त्यांनी एकदा साहेबांकडे बघितलं आणि आवाज न करता दार लावून घेतलं. त्या हलक्या हातानं लावलेल्या दारानं साहेबांना कानफटात बसल्यासारखं झालं. हा सिनेमा आहे असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण भाच्याचा नियम आड आला.

जाड्यानं फ्रिज उचलून दारापर्यंत आणला, आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची आई जिना चढून आली. मुलीकडे राहायला गेली होती, उद्या यायची होती. करमेना म्हणून आज आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली.

"माझा मुलगा कुणाचं बुडवणारा नाही," ती म्हणाली. "तुमच्या मालकाला सांगा. लेकरंबाळं असतील त्याची, तो समजून घेईल." आणि हातातल्या बांगड्या काढायला लागली.

लंबू आणि जाड्या छताकडे बघू लागले. (म्हातारी मध्ये आली तर तिच्याकडे बघायचं नाही, हेही साहेबांनीच शिकवलं होतं.)

बांगडी मनगटावर अडली होती. आई ती ओढत होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम गेला खड्ड्यात.

"आई, हा सिनेमा आहे गं."

"हो रे बाळा. मार्क कमी पडले की तू असंच काहीतरी सांगायचास."

शेवटी भाच्यानं कॅमेरा आणून हातात दिला, तेव्हा तिचा विश्वास बसला. ती फ्रिजला टेकूनच जरा हसली. मग लंबूला म्हणाली, "तुम्ही नट का? फारच वाईट बोलता हो. अंगावर काटा आला माझ्या."

"नाही आजी. आम्ही साहेबांच्या कंपनीतले."

"मग हे असं बोलायला कुणी शिकवलं?"

दोघांनी साहेबांकडे बघितलं. आईनंही बघितलं. मग तिनं पिशवी उचलली आणि ती आत गेली. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

संध्याकाळी भाच्यानं सगळ्यांना बसवून चित्रण दाखवलं. लंबू-जाड्या अस्सल, हेडमास्तर लाजवाब, आणि आजीला तर तोड नाही, असं तो म्हणाला. मग जरा चाचरला.

"काका, राग मानू नका. तुम्हाला मात्र काढावं लागेल. तोंडावर लाज दिसतच नाही."

"अरे, मला खरोखर वाटत होती," साहेब कळवळून म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी बायकोच त्यांच्या मदतीला धावली.

"त्यांना बोलू नकोस रे," ती भाच्याला म्हणाली. "पहिलीच वेळ आहे त्यांची. सवय कुठाय?"