लांजेवारांचा हिरवा जाळ

लांजेवार कोणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी फ्रीजमागे वाकत. हातात छोटा दिवा. त्याची निळी ज्योत नळ्यांशी फिरवायची. हिरवी झाली की समजायचं, गॅस गळतोय. बायका म्हणत, "फ्रीजची आरती करून राहिले जी!"

जवाहरनगरात, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. ड्यूटीनंतर फ्रीजदुरुस्ती. "थंडा हाये तवर गॅस गरीब गाय," ते बजावत, "आगीत गेला का जहर. जाळलं म्हणजे मेलं, असं नोय बावा!" जळल्या गॅसचं तेजाब, म्हणजे आम्ल, चुन्यात मरतं, म्हणून सायकलला चुन्याची पिशवी कायम टांगलेली. आम्ही मनसोक्त हसायचो.

ऐंशीच्या आसपास मोहाडीला माझ्या मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. लांजेवारांनाही सोबत नेलं, चुन्याच्या पिशवीसकट. मावशीने हौसेने जुना फ्रीज आणून स्वयंपाकघरात ठेवला होता, चुलीशेजारीच. बर्फ निघेना म्हणून कोण्या शहाणीने तो सुरीने कोरला आणि सुरी आतल्या नळीत घुसली. फुस्स! गॅस जमिनीवरून चुलीत शिरला आणि सगळ्यांना ठसका लागला.

"सारे बाहेर!" लांजेवार गरजले. "खिडक्या उघडा! चूल विझवा!"

मावशी दारात आडवी आली. "पुजलेली चूल हाये! मांडव उठेपर्यंत विझवाची नसते. पोरीच्या संसाराले अपशकुन कायले करता जी?"

कोणाचंही न ऐकणाऱ्या लांजेवारांनी फावडं उचललं. "नाही विझवत बाई. हलवतो."

नाकाला ओला दुपट्टा बांधून ते आत घुसले आणि फावड्याने निखारे घमेल्यात भरून बाहेर आले. अंगणात विटा मांडल्या, फुंकर घातली, जाळ भडकला! बँडवाल्यांनी कारण नसताना बँड वाजवला. स्वयंपाकघरात चुन्याच्या पाण्यात भिजवलेली पोती टांगून लांजेवार मांडवात आले, तेव्हा लोकांनी नवरदेवाआधी त्यांच्याच नावाचा जयजयकार केला.

लग्नाची वेळ झाली. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मावशीला भाऊ नव्हता. तिने लांजेवारांचा काळाकुट्ट हात धरून ओढला.

"मी कसा? मले बहीण नाही. मी कोणाचाच मामा नाही जी."

"मलेई भाऊ नाही. पोरीची चूल तुमी वाचवली. उभे राहा, भाऊ."

लांजेवार उभे राहिले आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडू लागले. मंगलाष्टकं सुरू झाली तरी त्यांना आवरेना. शेवटी नवरीनेच मागे वळून हळूच म्हटलं, "मामाजी, पुरे न आता. रडाची पाळी माही हाये."