एक्क्याऐंशी सह्या

"हा प्रश्नच चुकीचा काढलाय," भीमराव ओव्हाळ सर म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप समोर बसलेल्या अक्षताकडे सरकवला.

अक्षता पुण्यातल्याच एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या वर्षाला होती. दुसरं वर्ष फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमध्ये करायचं आणि दोन्हीकडच्या दोन पदव्या घेऊन यायचं, अशी योजना होती. जागा दोन, अर्ज तेवीस. बाकी सगळं झालं होतं. राहिलं होतं ते फक्त पदवीच्या वेळच्या एका शिक्षकाचं शिफारसपत्र. ओव्हाळ सरांनी तिला संख्याशास्त्र शिकवलं होतं आणि सदाशिव पेठेत ते तिच्या मागच्याच गल्लीत राहत. इतकं सोपं काम म्हणून तिने ते शेवटी ठेवलं होतं.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, की आपण आजवर शिकवलेल्या सर्व विद्यार्थ्यांमध्ये या विद्यार्थिनीचं स्थान कोणतं? पहिले एक टक्का, पहिले पाच, पहिले दहा की पहिले पंचवीस?

"सर, एक टक्क्यावर टिक करायची असते. सगळे करतात."

"सगळेच एक टक्क्यात मावतात? हे शिकवलं मी तुला?"

"सर, फॉर्म्यालिटी असते ती."

"मग त्यांनी तसं लिहावं. प्रश्न विचारलाय तर उत्तर मिळेल."

सरांनी कपाट उघडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दर वर्षीच्या गुणांचं स्वतःचं वेगळं रजिस्टर ठेवलं होतं.

"अहो, पोरीला चहा तरी घेऊ द्या," शालनबाई आतून म्हणाल्या.

"चहा तिला दे. मला ते वरचं रजिस्टर काढून दे."

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, सरांचा फोन आला. एकूण विद्यार्थी सहा हजार दोनशे चाळीस. अक्षताचा क्रमांक सातशे पाच. म्हणजे अकरा पूर्णांक तीन टक्के.

"पहिल्या दहात तू बसत नाहीस. पंचवीसच्या रकान्यात टाकावं लागतंय," सर म्हणाले. "अकरावालीला पंचवीसवाल्यांबरोबर बसवायचं, हा अन्याय आहे. मी फ्रान्सला पत्र लिहिणार आहे."

पत्र फ्रान्सला जाण्याआधी अक्षताची आई, दीपालीताई, सरांच्या दारात पोहोचली. तीही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पण आज ती वाकून नमस्कार करायला विसरली.

"सर, एका टक्क्याचा प्रश्न आहे! तेवीस मुलांतल्या बावीस जणांचे सर पहिल्या टक्क्यावर टिक करणार, आणि माझीच पोरगी पंचवीसमध्ये? शुक्रवारी पाचला फॉर्म बंद होतोय!"

"एक टक्का नाही, दीपाली. एक पूर्णांक तीन. म्हणजे एक्क्याऐंशी मुलं. त्यांनी अभ्यास केला होता. त्यातल्या कुणाला उठवू, तू सांग."

दीपालीताई संतापली होती, तरी बुद्धीने पूर्वीइतकीच तल्लख होती. "आणि ते स्वतःहून उठले तर? प्रवेशाच्या यादीत वरच्याने लेखी जागा सोडली, की खालचा वर सरकतो. तसं?"

सरांनी नियम मनात पडताळला; तो बरोबर होता. "लेखी हवं," ते अखेर म्हणाले. "कागदावर. मोबाइलवरचे अंगठे चालणार नाहीत." आणि त्यांनी अक्षताच्या वरच्या सातशे चार जणांची यादी काढून दिली; त्यातल्या कुणाही एक्क्याऐंशी जणांच्या सह्या हव्या होत्या.

मजकूर सरांनीच लिहून दिला. 'भीमराव ओव्हाळ सरांच्या विद्यार्थ्यांमधील माझा क्रमांक कु. अक्षता हिच्या खाली नेण्यास माझी हरकत नाही.' यात कुणाचं काही जात नव्हतं. असा क्रमांक अस्तित्वात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मायलेकी स्कूटरवरून निघाल्या तेव्हा त्यांना वाटलं, बुधवारी दुपारपर्यंत होऊन जाईल.

पहिलं घर अभयचं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, डोक्यावर केस नाहीत. त्याने कागद दोनदा वाचला.

"माझा कितवा आहे?"

"दोनशे अकरावा," अक्षता म्हणाली.

"दोनशे अकरा? माझ्या वर दोनशे दहा गाढवं आहेत? कोण ते?"

"काका, आम्हाला फक्त सही…"

"आणि तुझं वर्ष कुठलं? ऑनलाइनवालं ना? घरी बसून, पुस्तक मांडीवर ठेवून पेपर दिलेत. आम्ही हॉलमध्ये घाम गाळलाय. मी तुझ्या खाली?"

"ते सरांनी धरलंय काका. आमच्या वर्षाचे दहा गुण कापलेत."

"दहाच?"

सही झाली नाही. उलट अभयने जुन्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, की सरांनी सगळ्यांचे क्रमांक लावलेत. बुधवारी सकाळी सरांच्या जिन्यात पन्नाशीची चौदा माणसं उभी होती. यादीत नसलेले जास्त चिडले होते. एकाला फेरतपासणी हवी होती. नम्रता शहाचं म्हणणं होतं, की एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली तिला कावीळ झाली होती, ते कुठे धरलंय? शालनबाईंनी दारावर पाटी लावली. 'क्रमांक सांगितले जातील. वाद घातला जाणार नाही. पाणी खाली नळावर आहे.'

सह्या मात्र मिळू लागल्या, पण अटींवर. एकाला आधी पुढच्या बाकावरच्या मित्राची सही हवी होती. येरवड्याच्या एका बाईंनी सही केली आणि मुलांसमोर हा विषय पुन्हा काढायचा नाही असं शपथेवर कबूल करून घेतलं. मांजरी गावचा संपत तर उसाच्या बांधावर कागद धरून नुसता उभाच राहिला.

"आमचा नंबर हाय? सहाशे चाळीस? सहा हजारांत?" त्याचे डोळे भरले. "मला तर वाटायचं सरांनी दया करून पास केलंय. ताई, सही करतो, पण उद्या. आज घरी सगळ्यांना दाखवू द्या."

म्हणून गुरुवारी पुन्हा मांजरी.

शुक्रवारी दुपारी चारला दोघी सरांच्या घरी पोहोचल्या. दीपालीताईचा चेहरा उन्हाने काळवंडला होता, अक्षताचा आवाज बसला होता. सरांनी कागद एकेक करून मोजले, यादीशी ताडून पाहिले.

"ऐंशी," ते म्हणाले. "एक कमी पडतेय."

"सर!" अक्षता ओरडली. "आता एका सहीसाठी? या लोकांना लाज कशी नाही वाटत? ज्या नंबराचा यांना काडीचा उपयोग नाही, तो धरून बसलेत! यातल्या एकालाही फ्रान्सला जायचंय का?"

"खरंय," दीपालीताई म्हणाली. "माणसं किती कोत्या मनाची असतात!"

सरांचं बोट यादीवरून खाली येत होतं. ते थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, मग खाली केला. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं.

"माझं चुकत असेल," ते हळू आवाजात म्हणाले. "पण सहाशे ब्याण्णव. दीपाली कांबळे, ब तुकडी. तुझं माहेरचं नाव कांबळेच ना?"

अक्षताने सावकाश मान वळवली.

"आई, तू माझ्या वर आहेस?"

"थोडीशीच," दीपालीताई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"यादी माझ्याच पर्समध्ये होती."

"आणि तू मला दोनदा मांजरीला नेलंस?"

"अगं, मला वाटलं बाहेरच्या बाहेर एक्क्याऐंशी होतील."

पाचला दहा मिनिटं कमी होती. सरांनी कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं. दीपालीताईने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. गेल्या चार दिवसांत जे ऐंशी लोकांच्या तोंडावर तिने पाहिलं होतं, ते आता तिच्या तोंडावर होतं.

"सर, हे कायमचं का? की अ‍ॅडमिशन झाल्यावर मला परत वर येता येईल?"

"रजिस्टरमध्ये नोंद करावी लागेल," सर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"आई!"

दीपालीताईने सही केली. इतकी दाबून केली, की कागदाला भोक पडलं. सरांनी तो ऐंशी कागदांखाली ठेवला, लॅपटॉप ओढला आणि पहिल्या दहाच्या चौकोनात टिक केली. फॉर्म गेला तेव्हा पाचला तीन मिनिटं होती. अक्षताने सरांना आणि शालनबाईंना वाकून नमस्कार केला आणि आईच्या गळ्यात पडली.

मायलेकी जिना उतरून गेल्यावर सरांनी दीपालीताईचा कागद फाइलला लावण्यासाठी पुन्हा हातात घेतला. सहीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती.

'मुलगी परत येईपर्यंतच. आणि तेही निषेध नोंदवून.'