उंबऱ्याला हात लावणारे नाना

दगडूनाना कोणत्याही दारातून आत शिरताना आधी वाकून उंबऱ्याला हात लावत आणि मग तो कपाळाला. देवळात सगळेच लावतात. नानांना दवाखान्यात, रेशन दुकानात, एकदा तर सुरत स्टेशनच्या मुतारीतही लावताना मी पाहिलं आहे. कबड्डीतला गडी मध्यरेषेला नमस्कार करूनच पलीकडे चढाईला जातो, ही सवय अंगात इतकी भिनलेली, की दार दिसलं की त्यांना रेषा दिसायची.

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका चाळीत आमची खोलीला खोली लागून होती. मी जवळच्या मराठी शाळेत मास्तर, नाना साड्या रंगवणाऱ्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात. मूळचे धुळ्याकडचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कोणी कशाबद्दलही रडायला लागलं, मग ती नोकरी असो की दहावीचा निकाल, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "कबड्डीमा मरेल गडी परत उठस, मास्तर." एकाने गुण आणला की बाद झालेला दुसरा जिवंत होतो, हा खेळाचा नियम. नाना तो साऱ्या दुनियेला लावत.

नव्वद सालानंतरची गोष्ट. म्हाताऱ्या शेठला नानांनी कसं पटवलं कोण जाणे, पण मिलची कबड्डी टीम निघाली. सातही पोरं खानदेशी. पगार मिलचा, काम खेळायचं. नाना मॅनेजर, कोच आणि आचारी. संध्याकाळी सगळी फौज नानांच्या खोलीत कळण्याची भाकरी आणि ठेचा हाणायची, आणि आमच्या भिंतीवरची भांडी पडायची.

बनियनं शिवली सुती, पांढरी. नाना म्हणाले, आपली रंगाची मिल आणि पोरं पांढरी? साड्यांच्या राणी रंगात ती त्यांनी उकळून घेतली. रंगखात्यातला मिस्त्री सांगत होता, हा रंग पॉलिस्टरचा, सुतावर टिकायचा नाही. नाना ऐकतात कसले! "साडीले चालस, ते बनियनले काब नही चालस?"

पहिल्या सामन्यात घाम आला आणि रंग सुटला. पोरं कोपरापर्यंत गुलाबी झाली. शेठ खुर्चीतून ओरडले, "आ कबड्डी छे के धुळेटी?" मी तर तोंड लपवलं. पण कबड्डीत निम्मं भांडण एकाच गोष्टीवरून, हात लागला की नाही. आमचा हिंमत चढाईला जायचा, चपळ पोरगा, आणि परत यायचा तेव्हा समोरच्याच्या खांद्यावर पाच गुलाबी बोटं. पंचाला विचार करायचं कामच उरलं नाही. नवसारी झाली, बारडोली झाली, खुद्द नंदुरबारला जाऊन ढाल आणली. तिथल्या पंचांनी पुढे कपडे बदलायला लावले, तरी पोरं जिंकतच राहिली. तोवर जिंकायची सवय लागली होती. मिरवणुकीत नाना ढाल डोक्यावर घेऊन नाचले आणि चाळीच्या दारात थांबून आधी उंबऱ्याला हात लावला. ढाल माझ्या पायावर पडली.

मग शेठ थकले आणि मुलगा गादीवर आला. त्याला क्रिकेटची आवड. तो म्हणाला, पगार मशीन चालवायचा मिळतो. टीम बंद केली असं काही कोणी म्हटलं नाही. चौघांना दिवसपाळी दिली, तिघांना रातपाळी, की झालं. सात जण एका वेळी मैदानावर दिसेनात. वर्षभरात कोणी सचिन गावच्या कारखान्यात गेलं, कोणी हजीऱ्याच्या. हिंमत तिकडेच वेल्डर झाला.

नाना मात्र दर रविवारी संध्याकाळी मिलमागच्या मोकळ्या जागेत फक्कीने मैदान आखत. सातही जण पुन्हा एकदा त्या रेषांत उभे राहावेत, एवढंच त्यांना हवं होतं. मी चिडवायचो, "नाना, रांगोळी छान जमली." ते हसायचे.

एकदा भाकरी द्यायला गेलो, तर नाना मैदानाबाहेर मागच्या रेषेपाशी मांडी घालून बसलेले. बाद झालेले गडी बसतात ती जागा.

"इथे का बसलात?"

"कोन्ही पॉइंट लई येवापावत आठेच बसनं पडस, मास्तर."

गुण येईपर्यंत बाद गड्याने उठायचं नाही, हाही खेळाचाच नियम. मी भाकरी तिथेच ठेवून शेजारी मांडी घातली.

त्यानंतर बऱ्याच रविवारांनी एक स्कूटर येऊन थांबली. हिंमत. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पोट किंचित सुटलेलं. नाना कुठे बसलेत ते त्याने पाहिलं. चपला काढल्या, मध्यरेषेला वाकून हात लावला आणि रिकाम्या अंगणात "कबड्डी कबड्डी" करत शिरला. कोणी नव्हतंच पकडायला. तरी पार टोकाच्या रेषेपर्यंत जाऊन धापा टाकत परत आला.

"नाना, पॉइंट लई उनू. उठा आते."

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले, मैदानात जाऊन आपल्या जागी उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "बाकीना पाच?"

"येतीन," हिंमत म्हणाला.

"पाच कसे? तुम्ही कोच, सातांतला एकटा हिंमत आलाय, अजून सहा हवेत," मी हिशोब दुरुस्त करायला गेलो.

"तुम्हीन कोठे चालनात?" नाना म्हणाले. मग मीही वाकलो, रेषेला हात लावला आणि आत गेलो.