‘चिमूटभर हसू’ आणि साळूबाईचा हात

वृत्तपत्र हा समाजाचा आरसा आहे, आणि पाहणाऱ्याचं मन प्रसन्न ठेवणं हे आरशाचं पहिलं कर्तव्य होय. नगरच्या ‘दैनिक नगरनाद’मध्ये हे कर्तव्य बाहत्तरच्या दुष्काळातही चोख पाळलं जाई. बातम्यांची वर्गवारी ठरलेली होती. माणसानं माणसाला मारलं तर ‘गुन्हेवार्ता’. बैलाला मारलं तर ‘ग्रामीण जीवन’. बायकोला मारलं तर ‘चिमूटभर हसू’. (बायको दगावल्यास मजकूर सदरातून वगळावा, असा सभ्य दंडक होता.)

हे सदर उपसंपादक सूर्यभान लिहीत. पाथर्डीकडच्या वार्ताहरानं कळवलं, की खडी फोडण्याच्या कामावरच्या साळूबाईचा हात नवऱ्यानं हातोड्यानं मोडला. कारण, कालवणात मीठ कमी. सूर्यभाननी मथळा दिला : ‘कालवण अळणी, बदडली साजणी’. संपादक काकासाहेबांनी पाठ थोपटली.

आठव्या दिवशी साळूबाई एस.टी.नं नगरला येऊन थेट कचेरीत शिरली. हात लुगड्याच्या चिंधीनं गळ्यात बांधलेला. सूर्यभाननी खुर्ची दिली. तिनं कात्रण टेबलावर ठेवलं.

“ह्ये तुमी लिवलं का, दादा?”

“हो. काही चुकलं असेल तर खुलासा छापतो आम्ही.”

“चुकलं न्हाई. नाव माझं हाय, त्येचं न्हाई. त्यो ‘पतिराज’. ह्ये खिशात घालून हिंडतो, लोक वाचत्यात अन् त्येला च्या पाजत्यात. मी फिर्याद द्यायला गेले, तर हवालदार म्हनला, वाचलं बाई, लई हसलो. लिवून घेतलंच न्हाई.”

“मग हे तुमच्याकडं कसं?”

“खिशातनं काढून आनलं. आता घरी जायची सोय न्हाई. पारनेरला भावाकडं चाललेय.”

सूर्यभाननी कोरा कागद पुढं ओढला. अकरा वर्षांत प्रथमच त्यांना यमक सुचेना. त्यांनी साधंच लिहिलं : दोघांची नावं, गाव, हाड दोन ठिकाणी मोडलं, फिर्याद घेतली नाही.

“यात गंमत कुठंय?” काकासाहेबांनी विचारलं.

“नाहीये.”

सूर्यभानच्या हातात जागा एकच होती, सदराची. गुरुवारी सदर काढून तिथं बातमी लागली.

चार दिवसांत एकोणतीस पत्रं आली. हात कसा आहे, हे एकातही नव्हतं. सव्वीस जणांनी विचारलं, सदर का नाही. उरलेल्या तिघांनी (दोन पदवीधर, एक निवृत्त मुख्याध्यापक) बजावलं, की असलं काही छापू नये. घरात बायकामुली असतात.

काकासाहेबांनी पहिल्या पानावर चौकटीत वाचकांची माफी मागितली. सूर्यभाननी बाजारभावाचं पान मागून घेतलं. सदराला नवा माणूस दुसऱ्याच दिवशी मिळाला. यमकात तो सूर्यभानपेक्षा सरस आहे, असं वाचक म्हणतात.

आपला अंक वेळेवर मिळत नसल्यास कृपया कळवावं.