गिरधर मिस्त्रीने विझवलेला दिवा

आपण आखलेला बेत कधी फसत नाही, असं गिरधर मिस्त्रीचं मत होतं. हे मत असणारा पंचक्रोशीत तो एकटाच होता!

नशिराबादला हायवेला लागून त्याचं दुकान आणि दुकानामागे घर. दारावर पाटी : ‘गिरधर ऑटो इलेक्ट्रिक. दिवा लागणारच!’ ट्रॅक्टर असो, मेटॅडोर असो, केळीचा ट्रक असो, गिरधर खिशातून आपला टेस्ट लॅम्प काढायचा, दोन वायरींना दोन टोकं लावायचा आणि फॉल्ट सांगायचा. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, तर जुन्या मेटॅडोरचा मागचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. पण गिरधर तो डॉक्टरच्या नळीसारखा मिरवायचा. हात खरंच चांगला होता हो त्याचा! तोंडाचीच काय ती पंचाईत होती. ह्या तोंडापायी मुलीची, पुष्पाची, दोन स्थळं मोडली होती. पहिल्या पाहुण्यांना त्याने सांगितलं, की दीपनगरच्या वीज केंद्रातले साहेब अडलं की मलाच विचारतात. पाहुण्यांचा मेहुणा नेमका दीपनगरलाच नोकरीला निघाला! दुसऱ्या पाहुण्यांची जीप त्याने न सांगता ‘सुधारून’ दिली. ती साकेगावच्या पुढे गेली नाही.

आता तिसरं स्थळ येणार होतं, धुळ्याचं. मुलगा छगन शाळेत विज्ञान शिकवणारा. वडील सुकदेव आबा, तीस वर्षं एसटीच्या डेपोत गाड्यांची वायरिंग करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. पुष्पाला स्थळ मनापासून पसंत होतं. फोटो तिने उशीखाली ठेवला होता, हे फक्त आईला, म्हणजे भागाबाईला ठाऊक होतं.

“आज तोंड बंद ठेवजा. एवढं एकच मांगते मी,” भागाबाई सकाळीच म्हणाली.

“मी कायले बोलतो? गाडीच बोलीन!” गिरधर म्हणाला.

कारण हाच तर बेत होता! सावद्याचे केळीचे व्यापारी तोताराम नाना यांनी नुकतीच मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली होती. तिच्या डॅशबोर्डवर पंधरा दिवसांपासून एक लाल दिवा लागलेला होता, आणि तो काही केल्या विझत नव्हता. दिव्यात चित्र होतं : एक माणूस बसलाय आणि त्याच्या पोटापुढे मोठा गोळा आहे. गिरधरने मुद्दाम नानांना आजचीच वेळ दिली होती. दारात परदेशी गाडी, तिच्यात डोकं घालून गिरधर, आणि समोर पाहुणे! लग्न तिथेच ठरणार, मंगळाष्टकंच काय ती बाकी.

तर अठ्ठ्याण्णव सालच्या मार्गशीर्षातल्या त्या सकाळी दहा वाजता गाडी आली. पुढे ड्रायव्हर, मागे नानांच्या पत्नी बेबाबाई. आणि स्वतः नाना? नाना गाडीच्या मागून, आपल्या जुन्या राजदूत मोटारसायकलवर!

“नाना, गाडी तुमची अन् तुमी फटफटीवर?”

“तो लाल दिवा हाये तोवर मी नाई बसत तिच्यात,” नानांनी राजदूत लांबच उभी केली. “त्या चित्रातल्या मानसाच्या पोटात गोळा आहे, अन् मी बसलो का माह्या पोटात गोळा येते. गाडीचं पुस्तक आहे, पन ते जर्मनमधी! उद्या मले धुळ्याले याच गाडीत जायाचं आहे. इझव तो दिवा!”

गिरधरचा चेहरा जरासा उतरला. आजवर लोक दिवा लागत नाही म्हणून यायचे. दिवा विझत नाही म्हणून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

भागाबाई हळूच म्हणाली, “आहो, एक टिकली चिकटवा ना दिव्यावर. दिसन नाई, भेव नाई.”

“टिकली! धंदा करतो मी, शिनगार नाई!” गिरधर कडाडला.

एवढ्यात रिक्षातून पाहुणे उतरले. चहा झाला, चिवडा झाला, मुलगी पाहून झाली. पुष्पा आणि छगन यांनी एकमेकांकडे न पाहण्याचा इतका कसून प्रयत्न केला, की दोघांना एकमेकांचं सगळं दिसलं. सुकदेव आबांनी कप खाली ठेवला.

“पोर चांगली शे,” ते म्हणाले. “आते बापनं काम देखू.”

झालं! भागाबाईने डोळ्यांनी खूप खुणा केल्या, पण धरण फुटलं होतं.

“आबा, तुमचा दुसरा चहा थंडा व्हायच्या आत त्या गाडीचा दिवा इझवतो! नाई इझवला त पाटी उतरवतो अन् तुमच्या हाती देतो!”

भागाबाईने कपाळावर हात मारून घेतला. पुष्पाचा चेहरा पडला. तिसरं स्थळसुद्धा आता त्या एका लाल दिव्यावर टांगलं गेलं होतं.

गिरधर गाडीकडे निघाला, तर बेबाबाई आडव्या. “पूजा झाल्याबिगर हत्यार नाई लावायचं!” त्यांनी स्टिअरिंगवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, ओवाळलं आणि हळदकुंकवाचं, अक्षतांचं ताट ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. निरांजन तेवढं विझवलं, हे नशीब! गिरधरला पालथं पडून खाली शिरायचं होतं. पण पूजेचं ताट जमिनीवर कसं ठेवणार? त्याने ते उचललं आणि स्टिअरिंग व डॅशबोर्डच्या बेचक्यात नीट अडकवून दिलं.

मग तो पेडलांपाशी डोकं खुपसून आडवा झाला. बाहेर नुसते पाय. आतून आवाज येऊ लागला.

“ही हॉर्नची! ही वायपरची! अन् ही... ही पिवळी कोन बाई आहे?”

पिवळ्या वायरीवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. पुष्पा पलीकडच्या खिडकीतून वाकून वाचू लागली. अक्षर लागेना, म्हणून छगनही वाकला. दोन डोकी जवळ आली.

“बाबा, यात लिहिलंय, आधी बॅटरी सोडा आणि मग...”

“पोरी, तू चहाचं पाह्य!”

“आणि पिवळ्या वायरला कधीही दिवा लावून...” छगनने पुढचं वाचलं.

“मास्तर, तुमी पोरायले शिकवा!” गिरधर आतून म्हणाला. आणि टेस्ट लॅम्पचं एक टोक त्याने पिवळ्या वायरीला लावलं आणि दुसरं भलत्याच तारेला.

धाडकन्‌!!

एवढा आवाज नशिराबादने दिवाळीतसुद्धा ऐकला नव्हता. स्टिअरिंग मधोमध उघडलं आणि त्यातून पांढरा, टम्म फुगलेला गोळा बाहेर आला. हार तुटला, ताट छताला आपटून खिडकीतून बाहेर उडालं, आणि झेंडूच्या पाकळ्या, हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता खिडकीशी उभ्या असलेल्या पुष्पा-छगनच्या डोक्यावर पडल्या! दोघं जागच्या जागी उभी. घाबरून पुष्पाने छगनचा हात धरला होता, आणि तो सोडायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

“मेला माहा धनी!” भागाबाई ओरडली.

“मेला नाई, हा काय!” नखशिखांत पीठ चाळल्यासारखा पांढरा गिरधर रांगत बाहेर आला. “काय? मोठ्यानं बोला!” त्याच्या कानांना दडे बसले होते.

नाना राजदूतच्या मागे दडले होते. तिथूनच त्यांनी हाक दिली, “इझला का रे?”

सुकदेव आबा मात्र हलले नव्हते. ते शांतपणे उठले, बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि मगच गिरधरकडे वळले.

“गिरधरभाऊ, हाई पह्यले कराणं ऱ्हास. ती अपघातमा जीव वाचाडानी पिशवी शे. आते एक सांगा, दिवा कव्हयपासून लागेल शे?”

तीस वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न विचारायचं गिरधरला कधी सुचलं नव्हतं. तो थेट वायरीलाच विचारायचा.

“अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीपासून!” नाना राजदूतमागून ओरडले.

“मंग अमावस्याले काय करं व्हतं गाडीले?”

बेबाबाईंनी पदर तोंडाशी नेला. “हे म्हने परदेशी गाडीले लिंबू-मिरची बांधायची नाई, लोक हासतीन. म्हनून मी... कोनाले दिसन नाई असं... सीटखाली बांधलं.”

आबांनी सीटखाली हात घातला. तिथे एक सुबक पिवळा प्लग होता आणि बेबाबाईंनी नेमका तोच बांधायला सोयीचा म्हणून निवडला होता. प्लगच्या फटीतून तार ओवून एक लिंबू, सात मिरच्या आणि एक बिब्बा घट्ट आवळलेला! लिंबू सुकलं होतं, पण सुकायच्या आधी त्याने आपला सगळा रस प्लगला पाजला होता.

“हाऊ तुमना फॉल्ट,” आबांनी लिंबू गिरधरच्या तळहातावर ठेवलं.

गिरधरला खरंच लाज वाटली. नजर लागू नये म्हणून बांधलेलं लिंबू पंधरा दिवस गाडीचा जीव खात होतं आणि तो मात्र पिवळ्या बाईची चौकशी करत बसला होता! खाली मान घालून त्याने प्लग पेट्रोलने धुतला, वाळवला, बसवला. आबांनी बॅटरी जोडली. चावी फिरवली. दिवा लागलेलाच!

“बाबा, इथं लिहिलंय,” पिवळ्या वायरीवरचा कागद पुढे वाचत पुष्पा हळू आवाजात म्हणाली, “पिशवी एकदा उघडली, की नवी बसवेपर्यंत दिवा विझत नाही.”

“इझला का रेऽऽ?” नाना.

गिरधर काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच! त्याने शिडी आणली आणि पाटीचा पहिला खिळा उपटायला वर चढला. खाली पुष्पाचे डोळे भरून आले होते. ते त्याला वरून दिसले. पाटीचं दुःख नव्हतं त्याला. पोरीचं स्थळ आपण तिसऱ्यांदा घालवलं, हे दुःख होतं.

“गिरधरभाऊ, खाले या,” आबा म्हणाले. “पाटी ऱ्हाऊ द्या.”

“नाई आबा, शब्द म्हंजे शब्द.”

“शब्द तुमना, पन अक्षता मना पोऱ्याना डोकावर पडी गयात! चार मानसंनी देखात. बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं, पोर-पोऱ्यानी हात बी सोडा नही. आते मोडता येस का?”

पुष्पाने चटकन हात सोडला. छगन लाजून झेंडूच्या पाकळ्या झटकू लागला, आणि बेबाबाईंनी तेवढ्यात लग्नाचं गाणं सुरू केलं. गिरधर शिडीवरून जवळजवळ पडलाच!

“अरे पन इझला का रे?” नाना अजून राजदूतमागेच! “उद्या धुळ्याले कसा जाऊ मी?”

गिरधर भागाबाईजवळ गेला. खाली पाहत, पुटपुटत म्हणाला, “ते... तुह्याजवळ एखादी... मोठी...”

भागाबाईने आपल्या कपाळावरची टिकली काढून दिली. तो क्षणभर गाडीत शिरला. रिकामी पिशवी घडी करून त्याने स्टिअरिंगमध्ये कोंबली, वरून दोरी बांधली आणि बाहेर येऊन तो छाती पुढे काढून ओरडला, “इझला, नाना! चित्रातल्या मानसाच्या पोटातला गोळा बाहेर काढला! उद्याचं धुळं रद्द करा, थेट मुंबईले जा अन् पिशवी नवी बसवून घ्या. तवर गाडी हळू चालवा!”

नाना आले, डोकावले, आणि खूश होऊन पंधरा दिवसांत प्रथमच गाडीत, स्वतः चालवायला बसले. राजदूत ड्रायव्हरने नेली.

सुकदेव आबांनी डॅशबोर्डकडे पाहिलं, मग विहीणबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसून दुसरा चहा मागितला. दिवा त्याआधीच ‘विझला’ होता!

माघात लग्न लागलं. आहेराच्या वेळी आबांनी व्याह्याला टॉवेल-टोपी दिली. गिरधरने चारचौघांत टॉवेल ऐटीत झटकला, तर घडीतून टिकल्यांचं एक कोरं पाकीट खाली पडलं.

“ऱ्हाऊ द्या, याही,” आबा म्हणाले. “तुमनं नवं हत्यार शे!”