चाळीस हात रस्सा

चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्याला लागून गेनबाचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, वर चार पत्रे आणि खाली दोन बाकडी! पण गेनबाची ऐट विचारू नका. "ड्रायव्हर लोक माज्याकडंच का थांबत्यात? मला हिंदी येती!" असं तो छाती काढून सांगे. दिघीच्या छावणीत त्यानं दोन महिने बटाटे सोलले होते, तेवढीच ती हिंदी.

एका दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला एक परमुलखातला ड्रायव्हर धावत आला.

"भाई, रस्सा मिलेगा?"

गेनबाची कळी खुलली. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं, आणि हा तर नाव घेऊन रस्सा मागत होता!

"मिलेगा ना!"

"मोटा चाहिए. टूटेगा तो नहीं?"

"हमारा रस्सा कभी तुटता नहीं! कमी पडा तो लंबा करता है!"

"लंबा ही चाहिए. चालीस हाथ! गाडी नाले में है, जल्दी!" असं म्हणत तो आला तसा पळाला.

गेनबा चुलीकडे झेपावला. "सगुणे! ओढ्यावर गाडीभर माणसं थांबल्यात! चाळीस हात!"

"चाळीस हात म्हंजी वीस माणसं," सगुणाबाई म्हणाली.

"दोन्ही हातांनी कोन जेवतंय? चाळीस माणसं! काप तुजा कोंबडा!"

"त्यो माज्या भावासाठी राखलाय! उद्या येनार हाय त्यो. आन् गिऱ्हाईक न्हाई आलं तर?"

"तर समदी भांडी मी घासीन. बास?"

कोंबडा गेला, मागोमाग दोन कोंबड्याही गेल्या. मध्येच ड्रायव्हर पुन्हा डोकावला. "अरे भाई, रस्सा?"

"बन रहा है! एकदम ताजा!"

"बन रहा है?" ड्रायव्हर कपाळाला हात लावून परत पळाला. तिकडे गाडी आणखी वीतभर रुतली होती.

अखेर गेनबा भलंमोठं पातेलं घेऊन ओढ्यावर पोचला. मागून भाकऱ्यांची पाटी घेऊन सगुणाबाई. वासानं आसपासच्या शेतांतले गडीही गोळा झाले. ड्रायव्हरनं पातेल्यात डोकावून पाहिलं, पळी घालून तळ ढवळला.

"इसमें रस्सा कहाँ है?"

"समदा रस्साच हाय की!"

ड्रायव्हर गाडीकडे बोट दाखवून दोन्ही हातांनी हवा ओढू लागला. गेनबा बघतच राहिला. सगुणाबाई मात्र ओरडली, "अवो, त्येला दोर पायजे, दोर!"

तिनंच विहिरीवरच्या मोटेचा नाडा आणवला. वीस गडी लागले आणि गाडी वर आली. मग घाम पुसत गडी हक्कानं पंगतीला बसले, पातेलं पुसून निघालं. ड्रायव्हरनं तेवढी भाकरी आणि कांदा खाल्ला. तो मांसाला शिवत नव्हता!

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईचा भाऊ आला. ताटात ठेचा बघून त्यानं विचारलं, "आक्का, कोंबडा?"

तिनं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. गेनबा राखेनं पातेलं घासत बसला होता.

"काय सांगू पाव्हनं," तो मान वर न करता पुटपुटला, "जेवायला चाळीस हात व्हते. घासायला दोनच हायेत."