आल्बिन फुररची रायफल

२००२ सालच्या जानेवारीत उर्हो मात्तिलाने स्विस सैन्याची एक जुनी रायफल घरी आणली, आणि ती उंबऱ्याच्या आत येण्याआधीच सायमाने विचारलं, "ही आली. जाणार कुठली?"

लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून उर्होला नाद लागला होता तो देशोदेशींच्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली जमवण्याचा. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला हिवाळा सहा महिन्यांचा. माणसाने काहीतरी जमवायचंच. तळघराच्या भिंतीवर वर रायफली आणि खाली ओळीने पूक्को, म्हणजे फिनलंडहून आलेल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेला असायच्या त्या सुऱ्या. सुऱ्यांना सायमाची हरकत नव्हती. सुरी निदान पाव तरी कापते. रायफलींसाठी मात्र तिने अठरा खुंट्या ठरवून दिल्या होत्या. त्यापुढे एक आली की एक गेली पाहिजे.

"ही अठरावीच आहे," उर्हो बुटांवरचा बर्फ झाडत म्हणाला. "मोजून बघ."

तिने खाली जाऊन मोजल्या. अठराच भरल्या.

स्विस रायफलींची एक गंमत जमवणाऱ्यांना ठाऊक असते. दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उघडली, की आत कधी कधी घडी घातलेली चिठ्ठी निघते. ज्या शिपायाकडे ती रायफल होती त्याचं नाव आणि गाव. उर्होच्या रायफलीतही निघाली. आल्बिन फुरर, आणि खाली डोंगरातल्या कुठल्याशा खेड्याचं नाव.

"लोक अशा माणसांना पत्र लिहितात म्हणे," उर्हो म्हणाला.

"मग लिही की."

"मी? वाढदिवसाच्या कार्डावर सही करायला मला अर्धा तास लागतो."

तेव्हा माणसं अजून हाताने पत्रं लिहीत. सायमाने तर चर्चच्या महिला मंडळाची सगळी पत्रं चाळीस वर्षं लिहिली होती. तिने आल्बिनला दोन पानं लिहिली. गाव लिहिलं, बर्फ लिहिला, खाण लिहिली, आणि पेन रंगात आलंच होतं म्हणून शेवटी लिहिलं: "तुमची रायफल आमच्या भिंतीवर आहे आणि आम्ही जिवंत असेपर्यंत ती तिथून हलणार नाही. कधी इकडे आलात तर आमचं दार उघडं आहे."

"जिवंत असेपर्यंत?" उर्होने विचारलं.

"म्हातारा माणूस असेल. बरं वाटेल त्याला."

उत्तर आलं नाही. मे महिन्यात उर्होला एक तुर्की रायफल मिळाली आणि भरल्या एकोणीस. सायमा खाली गेली, भिंतीवरून नजर फिरवली आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. "ती. रंग उडालेली. तिच्याकडे बघून उगाच उदास वाटतं."

उर्होने तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने हे एक शिकून घेतलं होतं. शिवाय शेजारच्या विल्फ पेनहेलकडे बर्चच्या सालीची मूठ असलेला एक जुना पूक्को होता, आणि विल्फला हरणाच्या शिकारीसाठी रायफल हवी होती. त्याच दुपारी अदलाबदल झाली. चिठ्ठी तेवढी उर्होने अल्बममध्ये चिकटवून ठेवली.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. "भाचीच्या लग्नासाठी सप्टेंबरात मिलवॉकीला येतोय. तिथून बसने एक दिवस तुमच्याकडे येईन. माझ्या रायफलीला भेटायला. आल्बिन फुरर."

सायमाने ते दोनदा वाचलं. "उर्हो, ती स्विस रायफल कुठली रे?"

"तू काढलीस ती."

"मी?"

"रंग उडालेली. उदास वाटणारी."

"आणि तू गप्प बसलास?"

"बोट तू दाखवलंस. मी फक्त उचलली."

दिलेला शब्द मोडणं तिला ठाऊक नव्हतं. उधार घेतलेली वाटीभर साखरसुद्धा ती शीग लावून परत करायची. आणि इथे अक्षर तिचं होतं, सही तिची होती, आणि समुद्रापलीकडून एक म्हातारा त्या सहीवर विसंबून निघाला होता.

दोघं तडक विल्फकडे गेली. विल्फ हसतमुखाने रायफल घेऊन बाहेर आला. तिचं पुढचं लाकूड वीतभर गायब होतं.

"हे रे काय केलंस?"

"कापलं! जंगलात एवढं लाकूड कोण वागवणार? घासून व्हार्निशपण मारलं. बघ, कशी नवरीसारखी दिसतेय."

उर्होने डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी काय काढतोस? कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," सायमा म्हणाली.

गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात तसल्याच स्विस रायफली पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या असत. सायमाने स्वतः जाऊन त्यातली सगळ्यात रंग उडालेली निवडली. उर्होने अल्बममधली चिठ्ठी घाईघाईने तिच्यात सारली आणि स्क्रू आवळले.

"आणि नंबर?" तो म्हणाला.

"कसला नंबर?"

"प्रत्येकीवर असतो. शिपाई सगळं विसरेल, आपल्या रायफलीचा नंबर नाही विसरणार. कोरियातला माझा मला आजही पाठ आहे."

"माझा वाढदिवस कधी असतो?"

उर्हो छताकडे बघू लागला. मग म्हणाला, "कानशीने घासून टाकू?"

"नंबर घासणं गुन्हा आहे. म्हणजे मी तुला भेटायला तुरुंगात यायचं?"

शेवटी रायफल सगळ्यात वरच्या खुंटीवर टांगली आणि तळघरातला मोठा दिवा काढून मिणमिणता लावला. तुर्की रायफल बटाट्यांच्या खोक्यामागे गेली.

पाहुणा आला तो ठेंगणा, लालबुंद गालांचा, काखेत चीजचं चाक. सायमाने त्याला दोन पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या तळहाताएवढ्या भाजलेल्या करंज्या, वाढल्या. तिसरी त्याने मागून घेतली. मग वेलची घातलेला पाव, मग कॉफी, मग साउनाच्या लाकडी खोलीत वाफेचं स्नान. साउनातून तो उकडलेल्या बिटासारखा बाहेर आला आणि म्हणाला, "इथेच राहावंसं वाटतंय." गाव, खाण, भाची, सगळं बोलून झालं. रायफलीचं नाव मात्र त्याने काढलं नाही. सायमाला वाटलं, बिचाऱ्याला भरून येत असेल.

अखेर उर्होलाच राहवेना. "मग? बघायची ना?"

"हो हो," पाहुणा दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा उठला. "बघायलाच हवी."

उर्होने रायफल काढून त्याच्या हातात दिली. पाहुण्याने ती केरसुणीसारखी धरली. मग खिशातून एक कागद काढला, दिव्याखाली गेला, नंबर वाचला, कागद वाचला, पुन्हा नंबर वाचला. गालांवरचा लाल रंग पार उतरला. कपाळावर घाम आला.

सायमा दिव्याखाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. खोट्यात उभं राहण्यापेक्षा पडलेलं बरं, असं तिला वाटलं असावं.

"मिस्टर फुरर," ती म्हणाली, "ही तुमची रायफल नाही." आणि तिने सगळं सांगितलं. बोट, विल्फ, करवत, पिंप. "ते वाक्य मी लिहिलं आणि मीच खोटं पाडलं. माफी मागायचीही लाज वाटते."

पाहुणा जिन्याच्या पायरीवर बसला. "म्हणजे नंबर जुळत नाही तो त्यामुळे?"

"हो."

"देवा रे! मला वाटलं, मी चुकीचा उतरवून आणला!"

"कुठून उतरवून?" उर्होने विचारलं.

"आल्बिनच्या लष्करी पुस्तकातून."

सायमाने पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आल्बिनच्या? मग तुम्ही कोण?"

"मी मेल्क. त्याचा शेजारी. चीज करतो." त्याने घाम पुसला. "आल्बिन म्हणाला, ते धूड मी तीस वर्षं डोंगरावर वाहिलं, आता ते बघायला समुद्र ओलांडू? तू जातोच आहेस, तर पत्रही माझ्याच नावाने टाक आणि तिथे माझं नाव सांग. इतकं छान लिहिणारी बाई जेवायलाही छान घालत असेल. बसमध्ये माझी झोप उडाली. म्हटलं, यांनी नंबर विचारला तर? बाई, मी सैन्यात आचारी होतो हो!"

"म्हणजे तुम्ही माझ्या साउनात तासभर दुसऱ्याच्या नावाने बसलात?" सायमाने विचारलं.

"आणि तुम्ही मला दुसऱ्याचीच रायफल दाखवलीत."

आधी सायमा हसली. इतकी हसली की तिला खुंटीला धरावं लागलं.

उर्हो हसत नव्हता. तो भिंतीशी गेला आणि बर्चच्या मुठीचा पूक्को काढून त्याने मेल्कच्या हातात दिला. "आल्बिनच्या रायफलीच्या बदल्यात हा आला. म्हणजे हा त्याचा. विमानात जवळ ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका." मेपासून त्या सुरीने त्याने घरात कुणाला पाव कापू दिला नव्हता. त्या दिवसापासून सायमाने रायफली मोजणं बंद केलं.

मेल्क नंतर प्रत्येक हिवाळ्यात आपल्या गावाला ही गोष्ट सांगत राहिला आणि दरवेळी पेस्ट्यांची संख्या वाढत गेली. आल्बिनने नोव्हेंबरात लिहिलं, "सुरी चांगली आहे, चीजला चालते. विल्फना सांगा, वीतभर कापलीत ते उत्तम. मला तीस वर्षांत सुचलं नाही." तो एक्याण्णव वर्षं जगला. विल्फने त्या वर्षी एक हरीण मारलं आणि मग गुडघे गेल्यावर रायफल मुलीला दिली. उर्हो २०१३ साली गेला. तेव्हा भिंतीवर तेवीस रायफली होत्या.

सायमा अजून आहे. त्या सप्टेंबरात मेल्क मायदेशी परतल्यावर तिने हट्ट धरला होता, की आल्बिनची चिठ्ठी विल्फच्या रायफलीतच जायला हवी. उर्होने पिंपातून आणलेल्या रायफलीची पट्टी उघडली, चिठ्ठी ओढली, तर तिच्याखाली ग्रीसला चिकटलेली दुसरी एक चिठ्ठी निघाली. कास्पर इमहोफ, आणि एका खेड्याचं नाव. उर्होने बायकोकडे बघितलं. सायमाने पेन काढलं. दोन पानी पत्रं हातोहात लिहिणाऱ्या त्या बाईला या पत्राला अख्खी संध्याकाळ लागली, आणि त्यात मजकूर होता एवढाच: "तुमची रायफल आमच्याकडे आहे. सध्या."